पेंढ्याचा वास

कामथडी मागं पडली, कापूरहोळला एसटी भोरकडं वळली आणि खिडकीतून तो वास आत आला. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना खाचरं पिवळी पडलेली, कुठं कापणी उरकलेली, कुठं विळे चाललेले. कापलेल्या भाताचा वास ज्यानं घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. जरा गोड, जरा ओलसर, खाली मातीचा आणि वर उन्हाचा. माझ्या शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला, त्यांना शिंका येत होत्या. मी खिडकी आणखी सरकवली. एकच वास, पण एक बाई नाक झाकते आणि दुसरी खिडकी उघडते. यात नाकाचं काही कर्तृत्व नसतं, ते नाकाच्या मागं डोक्यात आधीच ठरून गेलेलं असतं.

मी पुण्यात एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यामुळं असली वाक्यं माझ्या तोंडी सहज येतात आणि घरची माणसं ती सवयीनं कानाआड करतात. पण या वाक्यावर मी अडून बसते, कारण ते मी पुस्तकात वाचण्याआधी आमच्या मंगलवहिनीच्या अंगावर पाहिलेलं आहे.

या खेपेला मी निघाले ती भाचीच्या फोनमुळं. प्राजू चौथीत आहे, आणि घरात मोबाईल आल्यापासून तो बहुतेक तिच्याच हातात असतो. ती म्हणाली, "आत्या, रविवारी इर्जिक हाय. या वर्षी शेवटची मूठ म्या कापणार. तू ये." इर्जिक म्हणजे गावानं मिळून एकाच्या शेतात राबायचं, संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं, आणि मग पुढच्याच्या शेतात जायचं. आणि शेवटची मूठ म्हणजे खाचरातलं अखेरचं भात. ते घरच्या सुनेनं कापायचं आणि त्या लोंब्या देवघराच्या चौकटीला बांधायच्या, ही आमच्या घरची रीत. पुढची सून यायला अजून अवकाश आहे, म्हणून आईनं नातीचा हट्ट मान्य केला होता. प्राजूनं फोन वहिनीकडं दिला. वहिनी एरवी फोनवर भाकरी थापता थापता गावभराचं सांगते. त्या दिवशी ती फक्त "या वन्सं" म्हणाली आणि गप्प झाली. तेवढ्या गप्प होण्यानं माझी बॅग भरली गेली.

नव्वदच्या दशकातला तो एक हंगाम मला दरवर्षी आठवतो. मी भोरला बारावीत होते. वहिनी त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन उत्रोलीला आमच्या घरी आलेली, वेल्ह्याच्या पलीकडची, डोंगरातली. कापणीला वाकली की तिचा विळा दिसायचा नाही, नुसत्या पेंढ्या पडलेल्या दिसायच्या. आमची आई कुणाचं सहजासहजी कौतुक करणाऱ्यातली नाही, तीसुद्धा चार घरी सांगून आली होती की पोरगी कामाला वाघ आहे.

शहाणी माणसं भात एका बाजूनं कापत नेतात. म्हणजे आतल्या उंदरांना, बेडकांना आणि जनावराला पलीकडच्या बांधानं निघून जायला वाट राहते. जनावर म्हणजे साप. खाचरात त्याचं नाव घेत नाहीत. पण त्या वर्षी इर्जिकीत वरची आळी आणि खालची आळी अशी ईर्ष्या लागली. वरच्या आळीनं एक अंग धरलं, खालच्या आळीनं समोरचं, मग जोर चढला तसे उरलेल्या दोन बाजूंनीही विळे शिरले. आरडाओरडा, हसणं, एकमेकांना चिडवणं. कुणाच्या ध्यानात आलं नाही की चारी बाजूंनी कापत आणलं की खाचरातलं जे जे जिवंत आहे ते सगळं मधल्या तुकड्यात गोळा होतं. तो तुकडा शेवटी अंथरुणाएवढा उरला. लोक बाजूला झाले आणि आईनं हाक दिली, मंगल, मूठ काप. वहिनी हसत पुढं झाली, डाव्या हातानं बुडखा धरला, आणि तिथंच घोणस होती.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिचं ओरडणं मला आठवत नाही, कारण ती ओरडलीच नाही. तिनं हात मागं घेतला, अंगठ्याच्या बुडाशी बघितलं आणि मुठीतलं भात सोडलं नाही.

भोरचे रशीदचाचा जीपनं वडाप करायचे, गावोगावची माणसं भरून ने-आण करायचे. संध्याकाळच्या जेवणाची मोठी भांडी घेऊन ते नेमके बांधावर पोचले होते. आधी देवळात न्यावं का, अशी कुजबुज सुरू झाली होती. चाचांनी भांडी खाली उतरवली नाहीत की कुणाचं ऐकून घेतलं नाही, वहिनीला पुढच्या सीटवर बसवलं आणि जीप काढली. मागं दादा, मी आणि खडखडणारी पातेली. आधी भोर, तिथं पहिली इंजेक्शनं, आणि मग तसंच पुढं पुण्याला. वहिनीला झापड येत होती. चाचा समोर बघत गाडी हाणत होते आणि तिला म्हणत होते, "तुझ्या माहेराला कसं जायाचं ते सांग पोरी. म्या कदी गेलो न्हाई." ती सुजलेला हात मांडीवर घेऊन सांगत राहिली: नसरापूरला वळायचं, मग आंबवणं, मग मार्गासनी, मग विंझर. थांबली की चाचा रस्ता चुकल्यासारखं करायचे आणि ती त्यांना पुन्हा नसरापूरपासून नीट सांगायची. गाडीत डिझेलचा वास, तापलेल्या रेक्झिनचा वास आणि चाचांच्या कानातल्या अत्तराच्या फायाचा वास. वहिनी वाचली. दिवाळी दवाखान्यात गेली, पण वाचली.

हात बरा झाला. अंगठ्याच्या बुडाशी एक काळपट खळगी राहिली. आम्हाला वाटलं, संपलं.

पुढच्या वर्षी दादानं पहिला भारा अंगणात आणून टाकला तेव्हा वहिनी चुलीपाशी होती. तिला भारा दिसला नव्हता, नुसता वास आत गेला. तिच्या हातातली भाकरी परातीत पडली, तळहात घामानं ओले झाले, छाती भात्यासारखी हलायला लागली. ती उठून माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि तिलाच कळेना की आपण इथं का बसलोय. मग आमच्या घरानं तिच्यावर माया करायला सुरुवात केली. भारा आणायचा असला की वेशीपासूनच कुणीतरी ओरडायचं, मंगल, आत जा. आई ओरडायची, दादा ओरडायचा, शेजारच्या काकूही ओरडायच्या. खाचराकडं तर तिला कुणी फिरकूच दिलं नाही. थोड्या दिवसांनी असं झालं की वासाची गरजच उरली नाही. "आत जा" एवढं ऐकलं की तिचे हात गार पडायचे.

यात माझा एक जुना राग आहे तो इथंच सांगून टाकते. लोक म्हणतात, मनाचे खेळ आहेत, मन घट्ट करायचं. जणू मन म्हणजे फडताळातली बरणी, वाटलं तेव्हा झाकण फिरवून घट्ट करता येते. अहो, त्या क्षणी तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अॅड्रेनलिन रक्तात उतरत होतं, मागोमाग कॉर्टिसॉल येत होतं, मेंदूत नॉरअॅड्रेनलिन पसरत होतं. ही रसायनं त्या दिवशी तिचा जीव वाचवायला धावली होती. आणि जाता जाता त्यांनी मेंदूला बजावून ठेवलं होतं की हे सगळं पक्कं लक्षात ठेव, पुन्हा कामाला येईल. कालच्या जेवणात काय होतं ते आपण विसरतो, कारण त्या वेळी असं बजावणारं कुणी नसतं. भीतीची आठवण मात्र त्या रसायनांच्या देखरेखीखाली मुरते. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा, बदामाच्याच घाटाचा भाग आहे. नाकापासून त्याच्यापर्यंतचा रस्ता फार जवळचा. विचाराला खबर लागायच्या आत तो अंगाला पळायला लावतो. वहिनी भित्री नव्हती. तिच्या डोक्यानं एक धडा एका दिवसात पक्का करून टाकला होता. विद्यार्थी इतका हुशार निघाला की अडचण होते.

आणि आमच्या मायेनं त्या धड्याची रोज उजळणी करून घेतली. आत पळालं की धडधड थांबायची, बरं वाटायचं. मेंदूला एवढंच कळायचं की पळालो म्हणून वाचलो. अंगणात पडलेल्या पेंढ्यात काहीही नाही, हे शिकायची संधी आम्ही तिला एकदाही दिली नाही. हे तेव्हा मला तरी कुठं ठाऊक होतं? मी ते पुढं वर्गात बाकावर बसून शिकले, आणि शिकताना फळ्यावरच्या आकृतीऐवजी आमचं अंगण दिसत होतं.

दुसऱ्या वर्षाअखेर दादानं ठरवलं. तो टेम्पो चालवायचा, मार्केटयार्डच्या खेपा करायचा. धनकवडीत एक खोली त्यानं बघून ठेवली. पुढची कापणी झाली की खाचर चुलतभावाला अर्धलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, लावायचं आणि बिऱ्हाड पुण्याला हलवायचं. बायकोच्या जिवाला रोजचा घोर नको, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त वहिनीला जायचं नव्हतं. मी सुट्टीत घरी गेले होते तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती मला म्हणाली, "वन्सं, मला शेताची भीती न्हाई वाटत. शेत लई आवडतं मला. पर अंगाला सांगून कळत न्हाई." ताट खाली ठेवून ती रडली. वाघासारखी कामाला असलेली पोरगी स्वतःच्या खाचरातून हाकलली जात होती, आणि हाकलणारं दुसरं कुणी नव्हतं. मला तेव्हा फार चीड आली होती, आणि कुणावर यावी ते कळत नव्हतं.

त्याच सुट्टीत, दिवाळीच्या आधी, आम्ही दोघी भोरला बाजाराला निघालो. आदल्या आठवड्यात ती एसटीनं गेली होती, तेव्हा वाटेत पेंढ्यानं भरलेला ट्रॅक्टर आडवा आला आणि ती मधल्याच थांब्यावर उतरून चालत परत आली होती. या वेळी रशीदचाचांची जीप मिळाली. आम्ही पुढं बसलो. पुलाच्या अलीकडं पुन्हा तसाच ट्रॅक्टर, पेंढ्यानं शीग भरलेला, आणि आम्ही त्याच्या मागं अडकलो. काड्या उडून काचेवर येत होत्या. मी वहिनीकडं बघायला घाबरत होते. बघितलं तर ती चाचांशी भुईमुगाच्या भावाचं बोलत होती. हात घट्ट धरलेले होते, पण बोलणं चालू होतं. ट्रॅक्टर वळून गेल्यावर तिलाच नवल वाटलं. बाजारात बांगड्या बघताना मध्येच थांबून ती म्हणाली, "चाचांच्या गाडीत बसलं की मी मेले न्हाई, एवढंच आठवतं."

मेंदू नुसती भीती शिकत नाही. जिथं जीव वाचला त्या जागेचा, त्या माणसाचा, त्या अत्तराचा धडाही तो तितक्याच नेटानं शिकतो. त्या दिवशी अंगात उसळलेल्या रसायनांनी दोन आठवणी पक्क्या केल्या होत्या. एक पेंढ्याच्या वासाची आणि दुसरी जीपच्या वासाची. आम्ही दोन वर्षं पहिलीच्या मागं लागलो होतो, आणि दुसरी रोज भोर-उत्रोली खेपा मारत होती.

इर्जिकीच्या दिवशी वहिनीनं चाचांना निरोप धाडला. जीप बांधाला येऊन उभी राहिली. वहिनी पुढच्या सीटवर बसली, दार उघडं ठेवलं, आणि सकाळभर नुसती बघत राहिली. चाचा वडापच्या खेपा सोडून शेजारी बसले होते, बिडीवर बिडी ओढत आणि जावयाच्या तक्रारी सांगत. सुरुवातीला ती थरथरली, ओठ पांढरे पडले. कुणी तिला आत जा म्हटलं नाही, कारण आत जायला घर नव्हतंच. थोड्या वेळानं थरथर ओसरली. आपोआप ओसरते ती, कुठलंही रसायन दिवसभर उसळत राहू शकत नाही. पण ती ओसरेपर्यंत तिथं बसून राहावं लागतं. मेंदू साप येणार म्हणून तयारीत बसलेला असतो आणि साप येत नाही. अंदाज असा चुकला की डोपामिनची एक बारीक खूण उमटते, आणि तिथून नवा धडा सुरू होतो. दुपारी वहिनीनं पाय खाली सोडले. मग ती बांधावर येऊन बसली. जेवणाच्या वेळी एक पेंढी उचलून तिनं मांडीवर घेतली आणि काडी काडी मोडत राहिली.

त्या वर्षी आईनं सगळ्यांना दम भरला होता की एका बाजूनंच कापायचं, ईर्ष्या केली तर जेवायला मिळणार नाही. ऊन कलायला आलं तेव्हा बांधालगत एक मूठ उरली. सगळे थांबले. दादा म्हणाला, राहू दे, आई कापेल. वहिनी उठली. आई माझ्या शेजारीच उभी होती. मी तिचं तोंड उघडताना बघितलं, "आत जा"ची सगळी तयारी झालेली. आणि आईनं तोंड मिटलं. आयुष्यात मी आईला बोलता बोलता थांबलेलं तेवढं एकदाच बघितलं आहे. वहिनीनं आधी विळ्यानं बुडखा हलवला, विळा जमिनीवर दोनदा आपटला, वाट बघितली. मग डाव्या हातानं, त्याच हातानं, मूठ धरली आणि कापली. कापून झाल्यावर ती बांधावर आली, ओकली, जीपच्या कॅनमधलं पाणी प्याली आणि म्हणाली, "आता भूक लागली." दादानं खोलीचा विषय पुन्हा काढला नाही.

इथं गोष्ट संपवायचा मोह होतो. पण मेंदू इतका सोपा असता तर मला नोकरी कशाला लागली असती? भाऊबीजेला वहिनी माहेरी गेली आणि तिथल्या परड्यात, पेंढ्याच्या गंजीजवळ, पुन्हा तीच घामाची धार आणि तीच धडधड. परत आली ती तोंड पाडून. केलेलं सगळं वाया गेलं, असं तिला वाटत होतं. वाया काहीच गेलं नव्हतं. भीतीचा धडा कुठंही लागू पडतो, बाई पुण्याला गेली तरी तो पाठोपाठ येतो. निर्धास्तपणाचा धडा मात्र जिथं शिकला त्याच गावापुरता असतो, तो दुसऱ्या गावात नव्यानं शिकावा लागतो. जुना पुसला जात नाही, नवा त्याच्या शेजारी बसतो, आणि वेळ आली की दोघांत कोण आधी बोलतो एवढाच प्रश्न उरतो. हे सगळं मला पुढं कळलं, तेव्हा मी एवढंच म्हणाले की तिथंही असंच बसून बघ. वहिनीनं माझ्याकडं संशयानं बघितलं आणि चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, "मग वेल्ह्याला बी जाऊ की. रस्ता तूच सांगितलायस." आणि ते खरोखर जीप घेऊन गेले, नसरापूर, आंबवणं, मार्गासनी, विंझर, तिच्या बापाच्या परड्यापर्यंत.

परवा रविवारी खाचरात पोचले तेव्हा बांधावर जीप नव्हती. चाचांना आता नीट दिसत नाही, जीप केव्हाच विकली. ते भोरला घरीच असतात आणि वहिनी त्यांच्या घरी दरवर्षी नवा तांदूळ पोचवते. खाचर एका बाजूनं कापत आणलेलं होतं. ऊन कलायला लागलं होतं आणि बांधालगत एक मूठ उरली होती. प्राजू दादाचा जुना विळा घेऊन केव्हापासून नाचत होती. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला. तसा ती सहसा धरत नाही. माझी बोटं तिच्या मनगटावर पडली, आणि नाडी लागली.

इतकी वर्षं झाली होती. दर वर्षी तिनं ती मूठ स्वतः कापली होती, हसत, विनोद करत. मला वाटत होतं, आता काही राहिलं नसेल. आणि बोटांखाली नाडी अशी धावत होती की मला मोजताही येईना.

प्राजू पुढं गेली, वाकली आणि थांबली. मग तिनं मान वळवून आईच्या तोंडाकडं बघितलं. मुलं असंच करतात, नव्या गोष्टीला हात घालण्याआधी आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते वाचून घेतात. साप चावावाच लागतो असं नाही. चावलेल्या माणसाचा चेहरा बघूनही धडा पक्का होतो, आयुष्यभर पुरतो. मीही वहिनीकडं बघितलं. वहिनीचा चेहरा सैल होता, ओठांवर जरासं हसू, डोळ्यांत उतरतं ऊन. ती म्हणाली, "आदी विळ्यानं हलीव. हां. आता काप."

प्राजूनं बुडखा हलवला, जमिनीवर विळा आपटला, आणि जिभेचं टोक दातांत धरून मूठ कापली. लोंब्या घेऊन ती धावत आमच्याकडं आली आणि तिनं त्या आईच्या नाकाशी धरल्या.

"आई, वास घे. कसला भारी येतोय."

वहिनीनं डोळे मिटून लांब श्वास घेतला. "व्हय गं," ती म्हणाली, "लई गोड हाय." माझ्या बोटांखाली नाडी अजून धावतच होती.